उजव्या मोटरचा आवाज

खोबरेल तेल नागपूरच्या थंडीत गोठतं. आई बाटली कमरेला खोचून झोपायची, म्हणजे सकाळी माझ्या टाचांना लावायला ते पातळ असायचं.

*

कूलरची मोटर बिघडली की आधी आवाज बदलतो, वारा नंतर जातो. दादा गिऱ्हाइकाला फोन कूलरजवळ धरायला सांगायचा आणि दुकानात बसल्याबसल्या निदान करायचा. "बेअरिंग गेली काकू. पाठवून द्या."

*

कुंकू नावावर लावतात. दुकानाच्या पाटीवर, शिलाई मशीनच्या सोनेरी अक्षरांवर, स्कूटरच्या नंबरावर. जिथे लिहिलेलं, ते त्या वस्तूचं कपाळ. आमच्या घरी हे कुणी कुणाला शिकवलं नाही. माहीत होतं.

*

दादाच्या पाठीत, उजव्या खांद्याच्या जरा खाली, एक खळगा होता. तो म्हणायचा, कांचीच्या, म्हणजे माझ्या, हनुवटीनं पाडला.

*

शाळेचा रस्ता. (हा तुकडा इथे बसत नाही. बाजूला ठेवते.)

*

विमानाच्या पोटात बॅटरीवर चालणारी खुर्ची चढवायची असेल, तर बॅटरी सीलबंद, न सांडणारी आहे असं तिच्या अंगावर छापलेलं दिसावं लागतं. दिसावं लागतं. असून चालत नाही.

*

"हे लाल काय आहे?"

विमानतळावरची मुलगी माझ्या खुर्चीमागे उकिडवी बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव अमृता. वय माझ्याहून बरंच कमी. तिने बॅटरीच्या खोक्यावरचं झाकण उघडलं होतं आणि आत मोबाइलचा उजेड मारत होती.

"कुंकू," आई म्हणाली.

"कुंकू?"

"अन् हळद. दसऱ्याची."

अमृताने बोट लावलं. बोटाला लागलं ते नाकाजवळ नेलं. मग उठून बंदूकवाल्या जवानाशी हिंदीत काहीतरी बोलली. तो आला, वाकला, त्याने एका चिंधीने खोका पुसून चिंधी यंत्रात घातली. यंत्राला कुंकवात काही वावगं दिसलं नाही.

"आवाज कोण करून राहिलं होतं मघा?" अमृताने आईला विचारलं. "यांची खुर्ची टक्टक् वाजते का?"

"मला विचारा," मी म्हणाले. "पाय चालत नाहीत. तोंड चालतं."

ती ओशाळली. "सॉरी ताई. वाजते का?"

"उजवी मोटर. जुनी सवय आहे तिची. काही होत नाही."

"बरं. पण मला बॅटरीवरचं वाचायचंय. कुठली आहे, सुकी की पाण्याची. ह्याच्यावर तर... किती वर्षांचं आहे हे?"

किती वर्षांचं होतं, ते आई सांगू लागली. बाबा गेल्यावर आईने स्वतःच्या कपाळाला लावणं सोडलं, तेव्हापासून घरातल्या वस्तूंना ती दुपटीने लावायची. गॅसच्या शेगडीला, दादाच्या पक्कडीला, वायंडिंगच्या मशीनला. दसऱ्याला दुकानात पूजा झाली की घरी माझ्या खुर्चीची. दादा दर वर्षी ओरडायचा, "अवं आई, लिहिलेल्यावर नको लावू. बाजूला लाव." आई म्हणायची, "बाजूला कोणी कुंकू लावते का? गालाला लावू?" आणि त्यावर आम्ही तिघंही हसायचो.

हे सगळं तिने अमृताला सांगितलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "लय दिवसांचं आहे, पोरी."

*

त्याच दिवशी सकाळी.

मुंबईहून वहिनीचा फोन. दादाच्या रक्तातच बिघाड झाला होता आणि पावसाळ्यापासून तो तिकडच्या दवाखान्यात होता. प्रतिभावहिनी रडत नव्हती, त्यामुळे मला कळलं.

"आजच या," ती म्हणाली. "गाडीनं नको. विमानानं या."

मग काहीतरी खरखरलं आणि दादाचा आवाज आला. पातळ झाला होता.

"कांचे."

"बोल."

"येऊन राहिली नं?"

"येते. आई पण."

"खुर्ची आणजो."

"अरे, तिथं असतील नं दवाखान्यात खुर्च्या—"

"नाही." त्याने दम घेतला. तो दम मला अजून ऐकू येतो. "आपली आण. चालवत ये. दारातून चालवत ये माझ्यापर्यंत. कोणाले ढकलू देऊ नको. मले दाखव एकडाव, का तुले कोणी लागत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मले झोप येत नाही, कांचे," दादा म्हणाला. "डोळे मिटले का एकच येते डोक्यात. इले कोण उचलंल आता."

"चालवत येते," मी म्हणाले.

"बॅटरी सुकी आहे. वर छापलं आहे. तेवढं दाखवजो त्यायले, बस."

*

ती बॅटरी.

खुर्ची एका संस्थेकडून जुनी मिळालेली, मेलेली. दादाने दोन्ही मोटरी उघडून पुन्हा गुंडाळल्या. डावी गुपचूप चालायला लागली. उजवी घुंऽऽ करायची आणि मध्येच एकदा टक्. पुन्हा घुंऽऽ, पुन्हा टक्. मी म्हटलं, हे टक् काढ की. तो म्हणाला, "मोटरीतला कार्बन आहे, बसंल. नाही बसला तं राहू दे. तू गल्लीत कुठं आहे ते मले दुकानातून कळते."

आणि बॅटरी त्याने सगळ्यात भारी आणली. खोका उघडून माझ्यासमोर धरला. "पाह्य. ही विमानातही चालते. लिहिलं आहे."

"आपण कुठं चाललो विमानात?"

"चाललो तं?"

"कुठं?"

त्याने बॅटरी खोक्यातून बाहेर काढली. "कुठंही," तो म्हणाला. आईने तेवढ्यात करंडा आणला होता.

*

अमृता वाईट नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत काउंटरवरचं माणूस वाईट असलं की बरं पडतं.

"आमच्याकडेही लावतात हो," ती म्हणाली. "माझ्या स्कूटीला आई लावते. पण माझ्या साहेबांनी फोटो मागितलाय. फोटोत नुसतं लाल दिसतंय. सुकी आहे हे मला कसं कळणार?"

"हालवून पाहा. पाणी नाही वाजत."

"हालवून नाही चालत, ताई."

"माझ्या भावानं बसवली आहे. तो मोटरींचंच काम करतो. त्याला फोन लावू?"

"त्यांनी सांगून कसं होईल? लिहिलेलं दिसायला पाहिजे."

काचेच्या भिंतीपलीकडे हरिभाऊ उभे होते. दादाचे दुकानातले भागीदार. त्यांनीच आम्हाला टेम्पोतून आणलं होतं, पण तिकीट नसल्याने त्यांना आत सोडलं नव्हतं. ते काचेला दोन्ही हात लावून आमच्याकडे बघत होते आणि खुणेने विचारत होते, काय झालं. मी खुणेने सांगितलं, थांबा.

"मी काढते," आई म्हणाली.

"काय?"

"कुंकू. मी लावलं, मी काढते. तेलानं निघते."

तिने पिशवीतून खोबरेलची बाटली काढली. माझ्या टाचांची. कापूस काढला. गुडघ्यांवर बसली, विमानतळाच्या त्या आरशासारख्या फरशीवर, लुगडं सावरत, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीमागे तोंड घातलं. मला ती दिसत नव्हती. मला फक्त समोरची अमृता दिसत होती, आणि अमृताच्या तोंडावर मला सगळं दिसत होतं.

आधी तिला बरं वाटलं. "निघतंय, काकू. निघतंय. हां. अक्षर दिसलं एक."

"कोणतं?"

"एन आहे बहुतेक."

"एन का?" आईला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या आवाजाला हुरूप आला. "थांब, सगळंच काढते."

"जरा दमानं, आई."

"हो नं, दमानंच करून राहिली."

मग अमृताचं तोंड बदललं. तिने हात पुढे केला. "काकू, थांबा. काकू, थांबा, थांबा."

आई थांबली.

इतक्या दसऱ्यांचं पाणी, हळद आणि कुंकू बॅटरीवर चिकटवलेल्या त्या छापील कागदाने आत घेतलं होतं. वर थर होता तोवर तो टिकून होता. तेल लागलं आणि भिजलेल्या पोळीचा पापुद्रा यावा तसा कागद कापसाबरोबर निघून आला. खाली काळं प्लास्टिक होतं, गुळगुळीत, नवंकोरं.

आई हातातल्या कापसाकडे बघत होती. पिवळा, लाल, मध्ये काळे ठिपके.

"हे याच्यात आहे," ती म्हणाली. तिने कापूस अमृतापुढे धरला. "पाह्य नं पोरी. याच्यात आहे सगळं लिहिलेलं."

*

पुढचं भराभर झालं. साहेबांना पुन्हा फोन. साहेब म्हणाले, खुर्ची जाईल, बॅटरी जाणार नाही. किंवा कंपनीकडून कागद मागवा, उद्याच्या विमानाने जा.

"उद्या," अमृता मला म्हणाली. "उद्या मी स्वतः चढवून देईन तुम्हाला. माझी ड्यूटी आहे."

मी आईकडे पाहिलं. आईने कापूस मुठीत मिटला होता.

"बॅटरी काढा," मी म्हणाले.

बॅटरी काढली. दोन वायरी, एक पट्टा. काठीचा दिवा विझला. ज्या छोट्या काठीने मी खुर्ची चालवते तिच्या बुडाशी एक हिरवा दिवा असायचा. तो विझला की मला माझे हात जड वाटतात, अजूनही. अमृताने स्वतः ती बॅटरी दारापर्यंत नेली आणि हरिभाऊंच्या हातात दिली. हरिभाऊंनी ती तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांत धरली. काचेतून मला त्यांचं तोंड हलताना दिसलं. ते ओरडत होते. नंतर कळलं, म्हणत होते, "मी गाडीनं घेऊन येतो! आजच निघतो!"

विमानाच्या दाराशी मला एका अरुंद खुर्चीत बसवलं. शिडीला चाकं लावावी तशी ती असते. छातीवर पट्टा, मांड्यांवर पट्टा, पायांवर पट्टा. दोन अनोळखी माणसांनी उचललं. एक काखेत, एक गुडघ्यांत. "हल्की हैं," एक दुसऱ्याला म्हणाला. दादाला ज्या प्रश्नाने झोप येत नव्हती त्याचं उत्तर इतकं सोपं होतं. कोण उचलेल? कुणीही. त्यासाठी चालवत येण्याची गरजच नव्हती.

हे उत्तर मी त्याला देणार नव्हते.

*

विमानात आई खिडकीशी होती. आयुष्यात पहिल्यांदा. तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. मूठ मांडीवर. हवाई सुंदरी कचरा गोळा करत आली, तिने मुठीकडे बघून पिशवी पुढे केली. आईने मूठ पदराखाली घेतली.

"दे ना तो कापूस," मी म्हणाले.

"राहू दे."

"काय करणार आहेस त्याचं?"

"त्याचं नाव आहे नं त्याच्यावर."

"कोणाचं?"

तिने मूठ पदराबाहेर काढून मांडीवर ठेवली. ढगांवरून जाताना उन्हाचा पट्टा तिच्या हातावर आला. अंगठ्याची रेघन् रेघ लाल होती.

*

दवाखान्याच्या दारात प्रतिभावहिनी. केस विंचरलेले नव्हते. तिने मला पाहिलं, खुर्ची पाहिली, खुर्चीच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे पोकळ जागा होती.

"बॅटरी?"

"नाही आणू दिली."

"अवं बाप्पा." ती खुर्चीला टेकली. "हे सकाळपासून सांगून राहिले सगळ्याइले. नर्सले सांगतलं, डाक्टरले सांगतलं. माझी बहीण येऊन राहिली, चालवत येते. रस्ता मोकळा ठेवा म्हणे. स्टूलं सरकवायला लावली."

"ढकल, वहिनी. दुसरं काय करणार? बघेल तो."

"तेच तं." तिने तोंडावर पदर धरला आणि काढला. "बघत नाहीत आता. दुपारपासून. डोळ्यांत रक्त उतरलं. ऐकू येते फक्त."

आई पटकन भिंतीशी बसली. मी वहिनीला म्हटलं, "दादाला सांगितलं, आम्ही आलो म्हणून?"

"नाही अजून."

"सांगू नको. ढकल."

मोठा बोळ होता. फिनेलचा वास. बॅटरी काढलेली खुर्ची ढकलली की अगदी गुपचूप चालते. रबराचा थोडा आवाज येतो, भाकरीचं पीठ मळताना येतो तसा. दार आलं. आत पडदे, यंत्रं, आणि सगळ्यात शेवटच्या पलंगावर डोळ्यांवर पट्ट्या बांधलेलं कुणीतरी. इतकं बारीक की मला आधी वाटलं, हा पलंग चुकीचा आहे. नर्सने पाहिलं आणि मान हलवली. थोडाच वेळ.

स्टूलं खरंच सरकवलेली होती. दारापासून पलंगापर्यंत सरळ मोकळी वाट.

वहिनीने ढकलायला सुरुवात केली, आणि मी तोंड मिटून, घशातून, सुरू केलं.

घुंऽऽ.

वहिनीचे हात थांबले.

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा ढकललं.

घुंऽऽऽ. जीभ टाळूला लावून, टक्. घुंऽऽऽ. टक्.

पलंगावरचं डोकं वळलं.

एका पलंगावरचा म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. नर्सही बघत राहिली. मी कुणाकडे बघितलं नाही. मला आवाज नीट काढायचा होता. उजवी मोटर चढावर जास्त घुमते, वळताना जरा खाली येते, थांबायच्या आधी उसासा टाकते. मला ते सगळं येत होतं. इतकी वर्षं मी तिच्यावरच बसले होते. पलंगाशी वळण होतं. मी आवाज खाली आणला. मग उसासा. मग शांत.

"आली," मी म्हणाले. माझा दम गेला होता.

दादाचे ओठ सुकलेले होते. ते हलायला वेळ लागला.

"उजवीचा कार्बन घासला," तो म्हणाला.

"हो."

"हरिभाऊकडून बदलून घेजो. विसरू नको."

"घेते."

"रस्त्यात त्रास दिला का? विमानात?"

"काही नाही. छापलेलं दाखवलं. बस."

"मी म्हटलं होतं." पट्ट्या बांधलेले डोळे त्याने दाराकडे वळवले. "आई कुठं आहे?"

"आहे इथंच." आई नव्हती. ती बोळातच होती, भिंतीशी. "येते मागून. मी पुढं आली, भरकन."

"एकटी?"

"एकटी."

वहिनी माझ्या मागे श्वास रोखून उभी होती, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

दादाचा हात चादरीवरून सरकत आला. सुया लावलेला, निळा. तो माझ्या हाताला लागला नाही, खुर्चीच्या दांडीला लागला, तिथून काठीवर गेला. बोटांनी त्याने काठी चाचपली, बुडापर्यंत. दिवा तापलेला आहे का ते बघत असावा. की नुसतंच. मी काठी सोडली नाही. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथेच थांबली.

मग तो हसला. हसला म्हणजे, गालावरची कातडी एका बाजूला ओढली गेली. त्याने अंगठा उचलला आणि माझ्या हातावर दाबला. एकदा. पुन्हा एकदा.

"पीं," तो म्हणाला. "पीं पीं."

नर्स म्हणाली, झालं आता.

वहिनीने खुर्ची वळवली. दारापर्यंतची सगळी वाट मी आवाज काढत गेले.

*

दुसऱ्या दिवशी दादा गेला. हरिभाऊ बॅटरी मांडीवर घेऊन गाडीत होते, मनमाडच्या अलीकडे. त्यांना फोन लागला नाही.

बॅटरीवर पुन्हा कधी काही छापलेलं आलं नाही. खुर्ची विमानातून परत पाठवायचा विचार आम्ही केला नाही. टेम्पो केला. पुढच्या दसऱ्याला आईने खुर्चीपुढे पाट मांडला, फुलं वाहिली, करंडा उघडला आणि बराच वेळ बोट करंड्यातच ठेवून बसली. शेवटी तिने कुंकू चाकाच्या रबराला लावलं. मी गल्लीत एक फेरी मारली, ते पुसलं गेलं.

उजवीचा कार्बन हरिभाऊंनी बदलून दिला. टक् गेलं.

*

शाळेचा रस्ता. बाजूला ठेवलेला तुकडा.

मी दुसरीत, दादा सहावीत. पाठीवर मी, गळ्यात दोन दप्तरं. मोटरचा आवाज तो काढायचा. हॉर्न माझ्याकडे होता.